सामोरं येणं

मधुकररावांना अख्खं पिंपळखेडी ‘इंग्रजीचे मास्तर’ म्हणायचं, आणि तसं कोणी म्हटलं की ते घाईघाईनं विषय बदलायचे. का, ते आधीच सांगून टाकतो, उगाच लपवाछपवी कशाला. एकवीस वर्षं हा माणूस इंग्रजी शिकवत होता, आणि त्या एकवीस वर्षांत इंग्रजीतून उलट उत्तर देईल अशा एकाही जिवंत माणसाशी तो इंग्रजीत बोलला नव्हता. वाचलेलं कळायचं, लिहिलेलं तपासता यायचं, पण तोंडानं दोन वाक्यं जोडायची म्हटली की जीभ टाळूला चिकटायची. ही गोष्ट त्यांना माहीत होती आणि त्यांच्या बायकोला, शोभाबाईंना. तिसऱ्या कोणाला कळू नये म्हणून ते फार जपून असत.

तसा सगळा दोष त्यांचाही नाही. सत्तावन साली ते इतिहास शिकवायला म्हणून देवळीजवळच्या या गावात आले. इंग्रजी शिकवणारे गृहस्थ दिवाळीच्या सुट्टीत नागपूरला गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हाच्या हेडमास्तरांनी सगळ्या शिक्षकांकडे एकवार पाहिलं आणि म्हणाले, “मधुकरराव, तुमचं अक्षर चांगलं आहे. तुम्हीच घ्या इंग्रजी.” झालं! अक्षर चांगलं म्हणून इंग्रजी गळ्यात पडलं ते पडलंच.

आता मनात अशी धाकधूक असलेला माणूस शिकवणार कसं? दरडावूनच. मधुकरराव एक वाक्य वाचत, त्याचा मराठी अर्थ सांगत, मुलं दोन्ही वहीत उतरवत आणि घोकून येत. दुसऱ्या दिवशी एकेकानं म्हणून दाखवायचं. जो अडेल त्यानं उभं राहायचं, आठवेल तेव्हा बसायचं. ‘अडला तो उभा’ हा त्यांचा कायदा. कधी कधी तास संपताना निम्मा वर्ग उभा असायचा, आणि मधुकररावांना त्यातही एक समाधान असायचं. सगळे उभे राहिले की त्यांना प्रश्न विचारायला कोणी उरत नसे. चिडू नका त्यांच्यावर, पण खरं ते खरं.

अठ्ठ्याहत्तर साली दहावीत कोकिळा होती. किसनरावाची पोरगी. गणितात शंभरातले नव्वद, विज्ञानात वर्गात पहिली, आणि इंग्रजीत मुकी. दोन वर्षांपूर्वी तिच्या आईचं, आनंदाबाईचं, वर्ध्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तेव्हा कोकिळा आठ दिवस खाटेखाली झोपली होती. तिथली एक नर्स येता-जाता आईच्या अंगावरची चादर नीट करून जायची. बोलायची काही नाही, फक्त चादर नीट करायची. बस्, तेवढ्यावर पोरीनं ठरवलं, आपण नर्स व्हायचं. तिथंच नर्सिंगची शाळा होती, शिकवणं सगळं इंग्रजीतून. दहावीला इंग्रजी पास हवं आणि वरून तोंडी मुलाखत.

किसनराव म्हणाला होता, “इंग्रजी काढ तू, मी पाठवतो. माह्याकडून नकार नाई.” बाप तर हो म्हणत होता. नाही म्हणत होतं ते इंग्रजी.

दिवाळीआधी सहामाहीचे पेपर वाटले. कोकिळेला शंभरात सतरा. मधुकररावांनी तिचा पेपर वर धरला आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, “किसनरावाची लेक नर्स होणार म्हणे! अगं, सतरा मार्कांवर कोणी गाईला सुई टोचू देत नाही!”

वर्ग खदखदून हसला. कोकिळा हसली नाही आणि रडलीही नाही. घंटा होईपर्यंत ती जागेवर उभी राहिली, आणि घंटा झाल्यावर पेपर घडी करून दप्तरात ठेवला. सुट्टीनंतर शाळा उघडली तर ती आलीच नाही.

एक दिवस गेला, चार दिवस गेले. दहावीच्या अकरा मुलींतल्या सात जणी गायब. मधुकरराव हेडमास्तरांच्या खोलीत गेले. आताचे हेडमास्तर चंद्रभानजी, वयानं लहान पण मोठे निवांत. ते म्हणाले, “कापूस फुटला ना मास्तर. सीतादहीची पूजा झाली, पराटीपुढे दहीभात ठेवला, की बाया वावरात आणि पोरी त्यांच्या मागं. दरवर्षीचंच आहे. जानेवारीत येतील परत.”

“आणि तोवर बुडलेलं इंग्रजी?”

“ते काय, एरवीही बुडतंच,” चंद्रभानजी सहज बोलून गेले, आणि लगेच टेबलावरचे कागद सारखे करायला लागले.

मधुकररावांच्या ते वर्मी लागलं. घरी येऊन त्यांनी चहासुद्धा धड घेतला नाही. मुली कापसाला गेल्या हे खरं, पण कोकिळा कापसाला गेली की आपल्या बोलण्यानं गेली? गाईच्या सुईचं ते वाक्य त्यांना पुन्हा पुन्हा ऐकू यायला लागलं, आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त वाईट वाटायला लागलं.

“मी त्या पोरीला नको ते बोललो,” ते शोभाबाईंना म्हणाले.

“मंग इथी मले सांगून काय होते?” शोभाबाई भाकरी थापत म्हणाल्या. “पाय आहेत, सायकल आहे.”

रविवारी सकाळी उन्हं वर आल्यावर मधुकरराव इंग्रजीचं पुस्तक पिशवीत टाकून सायकलवर निघाले. अण्णाजी पाटलांच्या वावरात वेचणी चालू होती. वीस-बावीस बायापोरी एकेक ओळ धरून पराटीतून, म्हणजे कपाशीच्या झाडांतून, पुढं सरकत होत्या. प्रत्येकीच्या कमरेला लुगड्याच्या फडक्याची ओटी बांधलेली, दोन्ही हात बोंडांवर आणि तोंडं गप्पांत. सगळ्यात पुढं आनंदाबाई आणि तिच्या शेजारच्या ओळीत कोकिळा. मधुकरराव धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, सायकल लावून, हात मागं बांधून उभे राहिले. वर्गात उभे राहत तसेच.

तानाबाई नावाची एक म्हातारी होती त्यात. तोंडात एकही दात नाही आणि जिभेला लगाम नाही. ती कंबर सरळ करून ओरडली, “कोण हो ते? गुरुजी का? अजी, रिकाम्या हातानं वावरात उभं नाई राहात! लक्ष्मी फुटून राह्यली अन् तुमी पाहून राह्यले!”

“मी जरा कोकिळेशी...”

“बोला न, कोण नाई म्हणते! पण वेचता वेचता बोला.” असं म्हणत तानाबाई आलीच. गाठोड्यातलं एक जुनं फडकं काढलं आणि या एक्कावन्न वर्षांच्या माणसाच्या पँटवरून करकचून ओटी बांधून दिली. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मधुकररावांचे कान लाल झाले, पण मागं फिरणार कुठं? तानाबाईनं त्यांना एका ओळीच्या तोंडाशी उभं केलं आणि म्हणाली, “हे तुमची ओळ. तिकडल्या धुऱ्यापावतो.”

कापूस वेचणं म्हणजे काय मोठं, असं तुम्हाला वाटत असेल. मधुकररावांनाही तसंच वाटत होतं. पहिल्या बोंडालाच वाळलेल्या पाकळीचं टोक नखात घुसलं. दुसऱ्याला कापसाबरोबर पाचोळा आला. तानाबाईनं त्यांच्या ओटीत डोकावून तो पाचोळा चिमटीनं उचलला. “असा कचऱ्याचा कापूस कोण घेईन जी? बोटं आत घाला, पाची बोटं एक करा, अन् हलकेच ओढा. ओरबाडू नोका.” असं तिनं तीनदा दाखवलं. चौथ्यांदाही दाखवलं. चढ्या आवाजात एकदाही नाही.

तरी मधुकरराव मागं पडले. पाठ भरून आली, मानेवर ऊन चढलं. बाया पार पलीकडच्या धुऱ्याला पोचल्या, नव्या ओळी धरायची वेळ झाली, आणि हे आपल्या ओळीच्या तिसऱ्या हिश्शातसुद्धा नव्हते. त्यांना फार लाज वाटली. आता सगळ्या धुऱ्यावर उभ्या राहून आपल्याकडे बघणार, हसणार, हे ते धरूनच चालले. वर्गात ते स्वतः तेच करत आले होते ना! मान वर करायचीच नाही असं ठरवून ते वेचत राहिले.

जरा वेळानं पराटी हलल्याचा आवाज आला. त्यांनी बघितलं तर त्यांच्याच ओळीत, पलीकडच्या टोकाकडून, कोकिळा वेचत वेचत त्यांच्याकडे येत होती. दोन्ही हात चालू. बघता बघता दोघांच्या मध्ये चार झाडं उरली, मग दोन, मग ओळ संपली.

“हे काय गं?” मधुकररावांनी विचारलं.

“सामोरी आली, सर,” कोकिळा म्हणाली. “ज्याची ओळ मागं राहाते त्याले सामोरं जा लागते. तिकडून कोणी आलं का अर्धीच राहाते.”

“आणि ज्याची मागं राहिली त्याला कोणी काही म्हणत नाही?”

कोकिळेला तो प्रश्नच कळला नाही. “काय म्हणन?” ती म्हणाली.

आनंदाबाई मागून येऊन उभी होती. बाई मोजकं बोलणारी. तिनं ओटी गाठोड्यात रिकामी केली आणि म्हणाली, “अडल्याले उभं ठेवलं तं ओळ कशी सरन, गुरुजी?”

लेकीनं घरी वर्गातलं सांगितलं होतं की नव्हतं, देव जाणे. मधुकररावांनी विचारलं नाही. ते दुसरीकडे बघून उगाच ओटीची गाठ सोडायला लागले. गाठ तानाबाईची, ती काय सुटते!

मग ते कोकिळेला म्हणाले, “पोरी, त्या दिवशी मी जे बोललो ते चुकलं माझं. फार चुकलं.”

गुरुजीनं असं म्हटलेलं त्या पोरीनं उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. ती बावरली. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाली, “पण सर, सतरा तं खरेच होते.”

“सतरा तुझे एकटीचे नव्हते. माझेही होते,” मधुकरराव म्हणाले, आणि पिशवीतून पुस्तक काढलं.

त्या दिवसापासून वेचणी संपेपर्यंत मधुकरराव रोज सकाळी वावरात जायला लागले. शाळा अकराची. सात ते दहा ओटी बांधून पराटीत. गावात चेष्टा झाली. “मास्तर, वेचायले किती मजुरीत लागले?” असं पारावरची माणसं विचारायची. हेही हसून म्हणायचे, “कचरा फार येते माह्या हातून, कोणी ठेवत नाई!” अहो, एकवीस वर्षांत हा माणूस स्वतःवर हसलेला कोणी पाहिला नव्हता.

शिकवणं कसं, ते सांगतो. वहीबिही नाही, हात तर कापसात. मधुकरराव मराठीत एक साधं वाक्य म्हणायचे आणि कोकिळेनं ते इंग्रजीत म्हणायचं. ती अडली की पूर्वीसारखं थांबायचं नाही. बाजूच्या ओळीतली वर्गमैत्रीण वाक्याच्या शेवटाकडून एक शब्द द्यायची. तरी अडली तर तिसरी त्याच्या अलीकडचा द्यायची. मधला तेवढा कोकिळेनं गाठायचा. पुढच्या वेळी दुसरी कोणी अडली की कोकिळा शेवटाकडून निघायची. ‘सामोरं जा, सामोरं जा!’ असा ओरडा व्हायचा. बायांनाही गंमत वाटायला लागली. तानाबाईला ‘वॉटर’ हा एकच शब्द पाठ झाला, पण तो ती कोणत्याही वाक्याच्या शेवटी ठणकावून द्यायची, आणि सगळं वावर हसायचं.

हसण्याहसण्यात कोकिळेच्या तोंडाला कुलूप होतं ते निघालं. एक दिवस मधुकररावांनी तानाबाईला पेशंट केलं. तानाबाई काय, तयारच! धुऱ्यावर आडवी झाली आणि कण्हायला लागली. कोकिळेनं शेजारी बसून इंग्रजीत विचारायचं, कुठं दुखतं, कधीपासून दुखतं, रात्री झोप लागते का. तानाबाई वऱ्हाडीत उत्तरं द्यायची आणि ती कोकिळेनं मधुकररावांना, म्हणजे डॉक्टरला, इंग्रजीत सांगायची.

“कमरीत कळ निंघते व माय,” तानाबाई म्हणाली. “अशी सणकन् येते अन् पायात उतरते. अन् सांजच्याले ठणकते.”

“कळ,” कोकिळा म्हणाली, “सर, कळ म्हणजे? अन् ठणकणं अलग का एकच?”

मधुकररावांना येत नव्हतं. दुखणं एवढं त्यांना इंग्रजीत माहीत होतं, पण कळ येणं आणि ठणकणं यातला फरक त्या भाषेत कसा करतात, देवाला ठाऊक! पूर्वी असा प्रश्न कोणी विचारला असता तर ‘फालतू प्रश्न नकोत’ म्हणून त्यांनी त्यालाच उभं केलं असतं. आता उभं कोणाला करणार? वावरात तर सगळ्या उभ्यानंच वेचत होत्या.

“मला येत नाही,” मधुकरराव म्हणाले. म्हणून झाल्यावर त्यांनाच आश्चर्य वाटलं, की काही कोसळलं नाही. “उद्या डिक्शनरीत बघून सांगतो.”

“पाहून याजो बरं, गुरुजी,” तानाबाई आडव्या आडव्या म्हणाली, “तोपावतो मी दुखवत राह्यते.”

त्या दिवशी सायकलवरून शाळेत जाताना मधुकररावांना हलकं हलकं वाटत होतं. कित्येक वर्षं पोटात धरून ठेवलेलं काहीतरी सुटलं होतं.

जानेवारीत मुली शाळेत आल्या. वर्गातलं उभं राहणं बंद झालं ते झालंच. मुलांनाही सामोरं जायची सवय लागली. गलका एवढा व्हायचा की चंद्रभानजी दोनदा डोकावून गेले, पण बोलले काही नाहीत. मार्चमध्ये परीक्षा झाली आणि जूनमध्ये निकाल. कोकिळेला इंग्रजीत एक्कावन्न. किसनराव पेढे घेऊन आला. देताना हात जोडले, आणि मग खिशातून दवाखान्याचं पत्र काढलं. बारा जुलैला मेट्रनबाईंपुढं मुलाखत, इंग्रजीतून. सोबत पालक पाहिजे.

“गुरुजी, तुमी जा पोरीसंग,” किसनराव म्हणाला. “माही पेरणी अडून राह्यली, अन् नसती अडली तरी मी थ्या इंग्रजी बाईपुढं काय बोलू? मी देवळीच्या बँकेत गेलतो तं तिथी मराठीतच घाम फुटला. तुमी इंग्रजीचे मास्तर!”

पेढा मधुकररावांच्या हातातच राहिला. पोरींसमोर ‘येत नाही’ म्हणणं वेगळं आणि इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या बाईसमोर इंग्रजीचा मास्तर म्हणून तोंड उघडणं वेगळं. तिथं आपली फजिती झाली तर झाली, पण ‘ज्याला स्वतःला बोलता येत नाही त्याची ही विद्यार्थिनी’ असं म्हणून पोरीची जागा गेली तर? सोबत आनंदाबाई येणार होती. तीच पालक म्हणून आत जाईल, असं मनाशी धरून ते हो म्हणाले.

बारा जुलैला एस.टी.नं तिघं वर्ध्याला पोचले. दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात बाकावर वीसेक मुली त्यांच्या माणसांसह बसल्या होत्या. निम्म्या नागपूरच्या, कॉन्व्हेंटच्या, आपापसात फाडफाड बोलणाऱ्या. कोकिळेनं आईचं हिरवं पातळ नेसलं होतं. तिचं नाव पुकारलं, ती आत गेली. दहा मिनिटांनी एक नर्स बाहेर आली आणि म्हणाली, “कोकिळाचे पालक?”

मधुकररावांनी आनंदाबाईकडे पाहिलं. आनंदाबाईनं मधुकररावांकडे पाहिलं.

“जा न जी,” ती म्हणाली. “मले काय समजते तिथलं?”

गेले बिचारे. आत टेबलामागं मेट्रन बसल्या होत्या. केरळकडच्या, पांढऱ्या साडीतल्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. इकडे येऊन महिना-दीड महिना झालेला, मराठी येत नव्हती आणि हिंदीही तोडकीमोडकी. कोकिळा खुर्चीत ताठ बसली होती. मधुकरराव आपले उभेच राहिले. मेट्रननी इंग्रजीत विचारलं, तुम्ही वडील का? मधुकररावांनी मान हलवून ‘नो’ म्हटलं. मग कोण? “टीचर,” ते म्हणाले. “इंग्लिश.”

मेट्रननी पेन खाली ठेवलं. त्या सावकाश बोलल्या, शब्द सुटा करून, म्हणून मधुकररावांना सगळं कळलं. त्या म्हणाल्या, मुलगी हुशार दिसते, हात कष्टाचे आहेत, मला आवडली. पण खेड्यातल्या मराठी शाळेतल्या मुली इथं घेतो, आणि तीन महिन्यांत त्या रडत घरी जातात. वर्गात एक शब्द कळत नाही, आणि कळत नाही हे विचारतही नाहीत. एक जागा फुकट जाते. तुम्ही हिचे इंग्रजीचे शिक्षक. तुम्हीच मला सांगा, तुम्ही हिला कसं शिकवलं? ही टिकेल हे मी कशावरून धरू?

झालं. ज्या प्रश्नाला ते एकवीस वर्षं भीत आले तो समोर येऊन बसला. मधुकररावांनी घसा खाकरला. मनात उत्तर मराठीत अगदी तयार होतं, वावरासकट, तानाबाईसकट. “मॅडम,” ते म्हणाले, “आय... इन द फील्ड...” आणि अडले.

पुढचा शब्द नाही. मागचाही गेला. खोलीत पंखा फिरत होता तेवढाच आवाज. कानशिलावरून घाम ओघळला. मेट्रननी चष्मा काढून हातात घेतला. सगळं संपलं, पोरीची जागा आपण घालवली, असं मधुकररावांना वाटलं. एवढी वर्षं दुसऱ्यांना उभं करणारा माणूस अडून उभा होता, आणि तसं उभं राहणं किती लांबलचक असतं हे त्याला आता कळत होतं.

“टुगेदर,” कोकिळा हळूच म्हणाली.

मधुकररावांनी तिच्याकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, मेट्रनकडेच बघत होती, पण ओळीच्या पलीकडच्या टोकाला लागली होती.

“वर्क टुगेदर,” तिनं अलीकडचं दिलं.

“वी,” मधुकरराव म्हणाले. “इन द फील्ड वी वर्क टुगेदर. कॉटन. आय अ‍ॅम स्लो.”

“व्हेरी स्लो,” कोकिळा म्हणाली, आणि तिच्या तोंडावर वावरातलं हसू आलं.

मधुकररावांनाही हसू आलं, आणि हसल्याबरोबर जीभ सुटली. “फ्रॉम धिस साइड, आय,” त्यांनी छातीवर हात ठेवला.

“फ्रॉम दॅट साइड, आय,” कोकिळा म्हणाली.

“अँड इन द मिडल...”

“...वी मीट.”

मोडकं तर मोडकं, पण मधुकररावांच्या आयुष्यातलं इंग्रजीतलं ते पहिलं बोलणं होतं. मेट्रननी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग कोकिळेला विचारलं, आणि इथं वर्गात तू अडलीस तर? कोकिळा सरळ म्हणाली, मी विचारीन, आणि दुसरी कोणी अडली तर मी तिच्याकडे जाईन. तेही मोडकंच म्हणाली, पण न अडता.

मेट्रननी चष्मा घातला आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहायला लागल्या. मधुकरराव अजून उभेच होते. कोकिळेनं शेजारची खुर्ची पायानं जराशी ओढली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, “बसा न, सर.”

मधुकरराव बसले. घाम पुसायचं निमित्त करून त्यांनी डोळे पुसले. मेट्रन लिहीतच होत्या. मग त्यांनी मान वर केली आणि सांगितलं, एक ऑगस्टला या, सोबत दोन पांढऱ्या साड्या आणि एक ट्रंक.

बाहेर आनंदाबाई बाकावर तशीच बसली होती, हातात दशमीचं फडकं धरून. लेकीचं तोंड बघूनच तिला काय ते कळलं. तिनं पोरीच्या खांद्यावरचा पदर सारखा केला, आणि मग मधुकररावांकडे वळली. “लय बोललात वाटते गुरुजी, बराच वेळ लागला.”

“नाई जी,” मधुकरराव म्हणाले. “मी तं मधातच अडलो. तुमची पोरगी सामोरी आली.”

आनंदाबाईला यात सांगण्यासारखं काय आहे तेच कळलं नाही. “मंग? येईनच ना,” ती म्हणाली, आणि फडक्याची गाठ सोडून तिनं पहिली दशमी मास्तरांच्या हातात दिली.